पिकअप घेताना: शिरूर-दौंडमधील मालवाहू गाडीचा हिशेब

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड हे दोन शेजारचे तालुके. दोहोंच्या सीमेवरून भीमा नदी वाहते. शिरूरमधून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो, तर दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर महामार्ग. न्हावरे-चौफुला रस्ता या दोन महामार्गांना जोडतो. एकीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे कुरकुंभची. मध्ये कांदा, डाळिंब, भाजीपाला आणि ऊस पिकवणारा बागायती पट्टा. या पट्ट्यातील उसाची वाहतूक ट्रॅक्टर-ट्रॉली आणि मोठ्या मालमोटारी करतात. उरलेल्या बहुतेक मालाला मात्र लहान चारचाकी वाहन लागते. पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे पोहोचणारी भाजी, केडगावच्या बाजारात येणारा कांदा, यवत-केडगाव परिसरातील गुऱ्हाळांवरचा गूळ, गावोगावच्या संकलन केंद्रांवरचे दूध आणि कारखान्यांना लागणारे सुटे भाग हे सारे पिकअपमधून जाते.

त्यामुळे या भागात नवी पिकअप घेणे हा हौसेचा व्यवहार नसतो. अनेक कुटुंबांच्या दृष्टीने जमीन आणि घर यांखालोखाल ती सर्वांत मोठी गुंतवणूक असते, आणि बहुधा कर्जावर केलेली. असे असूनही गाडी निवडताना चर्चा होते ती इंजिनाची ताकद, मायलेज आणि हप्ता यांचीच. कागदपत्रांवरील वजनाचा आकडा दुर्लक्षित राहतो. प्रत्यक्षात परमिट, विमा, दंड आणि अपघातानंतरची भरपाई यांचे बरेचसे उत्तर त्या एका आकड्यात दडलेले असते.

टेम्पो ते पिकअप

उघड्या हौद्याची लहान मोटार ही कल्पना अमेरिकेची. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये ‘मॉडेल टी’ या मोटारीला कारखान्यातच पिकअपचा हौदा बसवून विकण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रात या प्रकारच्या वाहतुकीची पायवाट तीनचाकी टेम्पोने पाडली. एन. के. फिरोदिया यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या बजाज टेम्पो या कंपनीने जर्मनीतील ‘टेम्पो’ कंपनीच्या सहकार्याने हे वाहन भारतात आणले. मूळचे व्यापारी नाव पुढे सामान्यनाम झाले. आजही गावात कोणत्याही लहान मालवाहू गाडीला सर्रास टेम्पो म्हटले जाते. कंपनीचे नाव मात्र २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले.

टाटांची ‘टाटामोबाइल २०६’ ही पिकअप १९८८ मध्ये आली आणि पुढे ‘२०७’ खेड्यापाड्यांत रुळली. मे २००५ मध्ये आलेल्या ‘टाटा एस’ने, म्हणजेच ‘छोटा हत्ती’ने, पाऊण टन माल वाहणाऱ्या चारचाकीचा नवा वर्ग निर्माण केला. त्याच्या वरच्या, एक ते दोन टनांच्या वर्गात महिंद्राच्या बोलेरो पिकअपने जम बसवला. २०११ मध्ये अशोक लेलँडची ‘दोस्त’, २०१७ मध्ये ‘टाटा योद्धा’, २०१९ मध्ये ‘टाटा इंट्रा’, २०२० मध्ये ‘बडा दोस्त’ आणि २०२३ मध्ये ‘बोलेरो मॅक्स पिकअप’ची नवी मालिका अशी या वर्गात भर पडत गेली. आता काही मॉडेलची भारक्षमता दोन टनांपर्यंत पोहोचली आहे.

पाश्चात्त्य देशांत ‘मध्यम आकाराची पिकअप’ म्हटल्यावर टोयोटा हायलक्ससारखी चार दारांची, कुटुंबासह फिरण्याची गाडी डोळ्यांसमोर येते. भारतात हायलक्स २०२२ मध्ये दाखल झाली, तर इसुझूची ‘डी-मॅक्स व्ही-क्रॉस’ त्याआधीपासून आहे. मात्र त्यांची किंमत व्यावसायिक पिकअपच्या कितीतरी पट असल्याने शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याचा किंवा वाहतूकदाराचा विचार त्यांच्याभोवती फिरत नाही. त्याची पिकअप म्हणजे दोन-तीन आसनांची केबिन आणि मागे आठ ते दहा फुटांचा हौदा.

आधी माल, मग मॉडेल

गाडीची मागणी नोंदवण्यापूर्वी पहिला प्रश्न मालाचा. कांद्याच्या गोण्या जड असतात, पण जागा कमी व्यापतात. कोथिंबीर, मेथी यांसारखी पालेभाजी किंवा फुले हलकी असतात, पण हौदा भरून टाकतात. दुधाच्या कॅनना सपाट आणि धुता येणारा तळ लागतो. डाळिंबाच्या क्रेटना धक्का लागून चालत नाही. कारखान्यांतील मालाला पावसापासून बचाव करणारी बंदिस्त पेटी लागते. ज्याला पालेभाजी न्यायची आहे त्याने जादा टनांसाठी पैसे मोजण्यापेक्षा हौद्याची लांबी पाहावी. ज्याला कांदा न्यायचा आहे त्याने लांबीपेक्षा पाटे, मागील आस आणि टायर यांच्या क्षमतेकडे लक्ष द्यावे.

दुसरा प्रश्न मार्गाचा. शिरूरहून पुण्याचे अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे, दौंडहून सुमारे ८०. महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्याला मायलेज महत्त्वाचे. वाडीवस्तीवरच्या कच्च्या रस्त्याने, ओल्या शेतातून माल बाहेर काढणाऱ्याला जमिनीपासूनची उंची आणि पहिल्या गिअरची ओढ महत्त्वाची. सीएनजीचे इंधन स्वस्त पडते. मात्र टाक्यांचे वजन भारक्षमतेतून वजा होते आणि गॅस भरण्याच्या रांगेत वेळ जातो. पहाटेचा बाजार गाठणाऱ्याने आपल्या नेहमीच्या मार्गावर पंप कुठे आहे आणि तो किती वाजता सुरू असतो, हे आधी पाहिलेले बरे. विद्युत गाडीचा विचार करताना रोजचे अंतर आणि परतीच्या भाड्याची शाश्वती तपासावी लागते. बॅटरीवरील मालवाहू वाहनांना ऑक्टोबर २०१८ पासून परमिटची अट नाही, ही त्यांची जमेची बाजू.

वजनाचे तीन आकडे

नोंदणी पुस्तिकेत दोन वजने नमूद असतात, रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे कमाल एकूण वजन. या दोहोंतील फरक म्हणजे भारक्षमता, बोलीभाषेत ‘पासिंग’. कमाल एकूण वजन ३,००० किलो आणि रिकाम्या गाडीचे वजन १,७०० किलो असेल तर फरक १,३०० किलोंचा. पण हा सगळा भाग मालासाठी उरत नाही. चालक आणि सोबती यांचे मिळून १५० किलो धरले, वाढीव फाळके, लोखंडी जाळी आणि ताडपत्रीचा सांगाडा यांचे आणखी १५० किलो धरले, तर मालासाठी १,००० किलो राहतात. म्हणजे ५० किलोंच्या २० गोण्या. प्रत्यक्षात अशा गाडीत याच्या दुप्पट गोण्या रचल्या जाताना दिसतात.

त्याची किंमत कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही गाडीवाल्याच्याच माथी. वरील उदाहरणातील गाडीत २० गोण्या जास्त भरल्या तर कायद्यातील दंड २२,००० रुपयांवर जातो. दंड चुकला तरी झीज चुकत नाही. पाटे बसतात, टायर लवकर जातात, क्लच प्लेट जळते आणि ब्रेक लागण्याचे अंतर वाढते. त्यामुळे ज्याचा नेहमीचा माल दीड टनाचा आहे त्याने हप्ता कमी बसतो म्हणून एक टनाची गाडी घेणे अंती महाग पडते.

परमिटची रेषाही वजनावरच आखलेली आहे. कमाल एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू वाहनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. त्याहून एक किलो जास्त असले तरी ते लागते. एकाच मॉडेलच्या दोन उपप्रकारांपैकी एक या रेषेच्या आत आणि दुसरा बाहेर असू शकतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात भारक्षमता ठळक अक्षरांत आणि एकूण वजन बारीक अक्षरांत असते. ग्राहकाने आधी बारीक अक्षरे वाचावीत.

कोण चालवू शकतो?

चालक परवान्याबाबतचा जुना संभ्रम आता मिटला आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजन असलेले मालवाहू वाहन चालवण्यासाठी स्वतंत्र नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात दिला होता. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो कायम केला. त्यामुळे केवळ ‘बॅज’ नव्हता या कारणावरून भरपाई नाकारण्याचा विमा कंपन्यांचा युक्तिवाद या वर्गातील गाड्यांपुरता टिकत नाही. तरीही मालवाहू वाहन चालवण्यास किमान २० वर्षे वयाची अट कायद्यात आहे. बारावी झालेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती नवी पिकअप देणाऱ्या कुटुंबांनी ही अट विसरू नये.

मागणी नोंदवताना

दसरा, धनत्रयोदशी, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया या मुहूर्तांवर गाडी घरी यावी अशी बहुतेकांची इच्छा असते. त्यासाठी नोंदणी काही आठवडे आधी करावी लागते. घाईत वितरक हाती असलेले भलतेच उपप्रकार पुढे करण्याचा संभव असतो. म्हणून मागणीपत्रावर मॉडेलचे पूर्ण नाव, भारक्षमता, हौद्याची लांबी, इंधन, रंग, अपेक्षित ताबा आणि मागणी रद्द केल्यास रक्कम परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. निर्मितीचा महिना आणि वर्ष विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना २१ मध्ये, नमूद असते. जानेवारीत घेतलेली गाडी आदल्या वर्षीची निघाली तर पुनर्विक्रीच्या वेळी किंमत घटते. अशी गाडी घेऊ नये असे नाही, पण तिच्यावरील सवलत पुरेशी असावी.

हौदा कारखान्यातून बसवून येणार की केवळ केबिन-चॅसिस घेऊन स्थानिक कारागिराकडून बांधून घ्यायचा, हाही निर्णय याच वेळी व्हावा. बाहेर बांधलेल्या हौद्यासाठी बांधणाऱ्याचे वेगळे प्रमाणपत्र, नमुना २२-अ, लागते. नोंदणीनंतर हौदा लांबवणे वा उंच करणे हा गाडीतील बदल ठरतो आणि योग्यता तपासणीच्या वेळी तो अंगाशी येतो. ताबा घेताना नमुना २१, नमुना २२, विमापत्र, कर आणि तात्पुरत्या नोंदणीचे कागद, जादा किल्ली, जॅक आणि सुटे चाक पाहून घ्यावे. विमा वितरकाकडूनच घेण्याची सक्ती नाही.

दोन शेजारी तालुक्यांतील एक गंमत अशी की शिरूरच्या गाडीवर पुणे कार्यालयाचा ‘एमएच-१२’ येतो, तर दौंडच्या गाडीवर बारामतीचा ‘एमएच-४२’. भीमेच्या दोन काठांवरील शेतकऱ्यांची तपासणीची वाट त्यामुळे वेगवेगळ्या दिशांना जाते. नव्या मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते.

कर आणि कर्ज

मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. विद्युत वाहनांवर तो ५ टक्के आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला मालवाहू वाहनावर भरलेल्या या कराची वजावट मिळू शकते. वैयक्तिक नावाने, करनोंदणीविना गाडी घेणाऱ्या शेतकऱ्याला ती मिळत नाही. त्यामुळे एकाच गाडीची दोघांना पडणारी खरी किंमत वेगळी असते. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ७,५०० किलोंपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर प्रस्तावित करण्यात आला आणि जुलै २०२५ पासून या वाहनांसाठी एकरकमी करपद्धती आली. म्हणजे केंद्राच्या करातील कपातीचा काही भाग राज्याच्या कराने परत घेतला, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

विम्याचा हप्ता अनेकांना अनपेक्षित वाटतो. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७,५०० किलोंपर्यंतच्या सार्वजनिक मालवाहू चारचाकीसाठी केवळ त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा वार्षिक हप्ता १६,०४९ रुपये होता. भाड्याने न देता केवळ स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीसाठी दर कमी असतो. पण तो घेऊन शेजाऱ्याचा माल भाड्याने नेला, तर अपघाताच्या वेळी तंटा उभा राहतो.

कर्जाच्या बाबतीत सर्वांत मोठी गफलत होते ती ‘फ्लॅट’ व्याजदराने. आठ लाख रुपये, पाच वर्षे, आठ टक्के फ्लॅट असे सांगितले की दर सौम्य वाटतो. प्रत्यक्षात व्याज होते ३ लाख २० हजार रुपये आणि मासिक हप्ता सुमारे १८,६६७ रुपये. घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजल्यास हाच दर १४ टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेचा अकरा टक्के घटता दर त्याहून स्वस्त असतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदारांना आणि लघुउद्योजकांना कर्जाचा वार्षिक खरा दर दाखवणारे ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी ते मागून घ्यावे. कर्ज फिटल्यावर नमुना ३५ देऊन नोंदणी पुस्तिकेवरील बोजा उतरवणेही तितकेच आवश्यक आहे. ते राहून गेल्यास गाडी विकताना अडचण येते.

रोजचा हिशेब

महिन्याला १८ हजारांचा हप्ता असलेल्या आणि २५ दिवस चालणाऱ्या गाडीवर दिवसाला ७०० रुपयांहून अधिक भार केवळ हप्त्याचा पडतो. त्यावर इंधन, चालकाचा पगार, टायर, सर्व्हिसिंग, विमा आणि पथकर. व्यवसायाचे यश परतीच्या भाड्यावर ठरते. पुण्याला कांदा नेऊन रिकामी परतणारी गाडी एका फेरीच्या उत्पन्नावर दोन फेऱ्यांचे इंधन जाळते. खते, पशुखाद्य, किराणा किंवा बांधकाम साहित्य यांचे परतीचे गिऱ्हाईक ज्याने बांधले तो टिकतो. बाजारभाव पडला की शेतकरी माल शेतातच ठेवतो आणि पिकअपच्या फेऱ्या थांबतात. हप्ता थांबत नाही. म्हणून केवळ एका पिकाच्या भरवशावर गाडी घेणे जोखमीचे. वर्षातील किमान तीन वेगवेगळ्या हंगामांचे काम डोळ्यांसमोर असावे.

सोलापूर महामार्गावर पाटस येथे पथकर नाका आहे. जिल्ह्यात नोंदणी झालेल्या आणि राष्ट्रीय परमिटवर न धावणाऱ्या व्यावसायिक वाहनांना राष्ट्रीय महामार्गांच्या पथकर नियमांत सवलतीचा दर आहे. रोजच्या फेरीत तो फरक लहान नसतो. दहापर्यंत मालवाहू वाहने असलेल्या मालकाला आयकरात दर गाडीमागे दरमहा ठरावीक उत्पन्न गृहीत धरून विवरण भरण्याची सोय आहे. हलक्या वाहनांसाठी ही रक्कम ७,५०० रुपये धरली गेली आहे. खर्चाच्या पावत्या जपणे ज्यांना जमत नाही त्यांना ती उपयोगी पडते.

हौद्यातील माणसे

पिकअपच्या मालकीतील सर्वांत गंभीर प्रश्न मालाचा नसून माणसांचा आहे. कांदा काढणीला जाणाऱ्या मजूर महिला, लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शनाला निघालेले गावकरी हौद्यात उभे राहून प्रवास करतात. संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यात यवत आणि वरवंड येथे मुक्काम करते. दिंड्यांचे सामान वाहणाऱ्या गाड्यांमध्ये थकलेले वारकरीही चढतात. एसटीची फेरी नसलेल्या वाडीसाठी पिकअप हेच एकमेव वाहन असते, आणि शेजाऱ्याला नाही म्हणणे गावात अवघड जाते.

परंतु कायदा येथे कठोर आहे. मालवाहू वाहनात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल तर तो सक्तीच्या विम्याच्या कक्षेत येतो. फुकट वा भाडे देऊन बसलेले इतर प्रवासी येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात ही भूमिका स्पष्ट केली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, अपघात झाल्यास भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या जमिनीवर आणि घरावर येऊ शकतो, आणि मृताच्या कुटुंबाला वसुलीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातीलच खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेली पिकअप दरीत कोसळली आणि त्यात अनेक महिलांचा बळी गेला. हौद्याला आसने नसतात, पट्टे नसतात आणि उभ्या माणसांमुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. चढणीवर वा वळणावर गाडी मागे किंवा कडेला कलली की सावरायला जागा उरत नाही.

नवी गाडी हार घालून, नारळ फोडून दारात येते तेव्हा तिच्या केबिनच्या बाजूला भारक्षमतेचा आकडा रंगवलेला असतो. घरातील प्रत्येक चालकाला तो आकडा पाठ असावा. गाडी वजनकाट्यावर एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या मालासह नेऊन पाहिली, तर आपल्या गोण्यांची खरी मर्यादा कळते. या कामाला काट्याच्या पावतीएवढाच खर्च येतो. पाच वर्षे हप्ते भरून गाडी आपली होईपर्यंत ती धडधाकट राहावी आणि तिच्यामुळे कोणाचे घर उघडे पडू नये, यासाठी ती पावती गाडीच्या कागदांसोबत जपून ठेवावी.